डाव्या चाकाचं बेअरिंग

पप्पा, टीचरबाईंच्या मोटारीचं मागचं डावं बेअरिंग निघालं. शेवट आधीच सांगून टाकते, कारण तुम्हाला तसंच आवडायचं. गिऱ्हाईक गाडी कुठून आणली, वाटेत कोण भेटलं, असं लांबण लावायला लागलं की तुम्ही हात पुसत विचारायचात, "आधी सांगा, चालत आली का वढून आनली?" तर ती चालत आली आणि चालत गेली. मधे तीन दिवस मला नीट जेवण गेलं नाही, पण शाफ्टवर एकही नवा ओरखडा नाही. नवा म्हणते आहे. जुन्याबद्दल पुढे लिहिते, कारण हे सगळं त्याच्यासाठीच लिहायला घेतलंय.

तुम्ही गेलात त्याला चौदा वर्षं झाली. गॅरेजची शेड तीच आहे, पत्रे तेवढे बदलले. समोरून मनमाड रोड तसाच धावतो, उसाच्या ट्रॉल्या तशाच अर्धा रस्ता अडवून जातात. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलेलं आहे आणि कंडक्टर अजून नगर, नगर ओरडतो. मी आयटीआय केलं, चार वर्षं ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये काढली आणि तीन वर्षांपूर्वी शेडचं कुलूप उघडलं. सुरुवातीला लोक गाडी लावायचे आणि माझ्या मागे बघत विचारायचे, "मिस्त्री कुठं गेलेत?" मी म्हणायचे, "मीच आहे." मग ते जरा वेळ उभे राहायचे, पाने पुसणारी मी आणि भिंतीवरचा तुमचा फोटो यांच्याकडे आळीपाळीने बघायचे आणि फोटोच्या भरवशावर चावी द्यायचे. आता विचारत नाहीत. पण माझी भीती काही गेलेली नाही. नट आवळला की मी तीनदा बघते आणि घरी जाऊन हात धुतले की चौथ्यांदा बघायला परत येते. आई म्हणते, "गाड्या गरम व्हत न्हाईत तेवढं तुझं डोकं गरम व्हतं. त्यात पानी घालून बघ एकदा."

तुम्हाला आठवत असेल, मला शाळेची धास्ती होती. वर्गाच्या दारात मी उलटी करायचे. शेवटी तुम्ही म्हणालात, "राहू द्या, वरीसभर माझ्याजवळ बसंल," आणि मला शेडमध्ये तेलाच्या उलट्या डब्यावर बसवलंत. अक्षरं मी बेअरिंगच्या खोक्यांवरून शिकले. अपूर्णांक पान्यांवरून शिकले. "तीन अष्टमांश मोठा का सात सोळांश?" तुम्ही गाडीखालून विचारायचात आणि फक्त हात बाहेर काढायचात. मी चुकीचा पाना दिला तर तुम्ही काही बोलत नव्हतात, तो नटावर गरागरा फिरवून दाखवायचात. एकदाच रागावलात. नट निघत नव्हता म्हणून मी हातोडी उचलली होती. तुम्ही ती हातातून काढून घेतलीत आणि म्हणालात, "घाई कुनाला हाय, नटाला का तुला?" मला इतकं लागलं ते, की मी टाकीमागे जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही जुन्या व्हॉल्व्हच्या दांड्याचा एक छोटा पंच, लोखंडावर ठोकून टिंब उठवायचा, घासून आणलात, माझ्या मुठीत मावेल असा. म्हणालात, "हा तुझा. मोठी हातोडी माझी." घासताना त्याच्या टोकाचा एक कपचा उडाला होता. तुम्ही नवा करून देतो म्हणालात, मी दिला नाही.

आता मोटारीचं. गेल्या मंगळवारी सकाळी टीचरबाई स्वतः चालवत आल्या. पंचाहत्तरी गाठली आहे त्यांनी, पण काच खाली करून हात बाहेर काढून वळतात, तशाच. ती त्यांची काळी विलायती मोटार, त्यांच्या सासऱ्यांनी घेतलेली, चर्चमधल्या निम्म्या नवऱ्या जिच्यातून उतरल्या ती. आईसुद्धा तिच्यातूनच उतरली होती ना. गाडी फाटकातून आत आली तेव्हाच मागच्या डाव्या चाकाचं घुं ऐकू आलं. बाई उतरल्या आणि म्हणाल्या, "शनिवारी नातीचं लग्न आहे. ती याच गाडीतून चर्चला जाणार असं मी सगळ्यांना सांगून बसले आहे. आणि पुतण्या सांगून बसलाय की शनिवारी गाडी चालली नाही तर तो ती त्याच्या हॉटेलपुढे ठेवणार." मी विचारलं, "ठेवणार म्हणजे?" बाई म्हणाल्या, "हायवेवर. इंजिन काढून बॉनेटमध्ये झेंडू लावणार आहे. लोक फोटो काढतील म्हणतो. गाडीचं म्हातारपण सुखात जाईल, असंही म्हणाला. मी त्याला म्हटलं, माझ्या डोक्यात काय लावणार आहेस ते पण सांगून ठेव." पुतण्या पुण्याहून मिस्त्री बोलवायला तयार होता. बाईंनी नको म्हणून सांगितलं होतं. का नको, ते मी विचारलं नाही. मला वाटलं, फोटोच्या भरवशावर.

चाक काढलं, ड्रम काढला, बेअरिंगवरच्या पट्टीचे चार नट काढले. चाक फिरवणारा शाफ्ट ओढून बाहेर घेतला. तो बेअरिंगसकट सरळ आला, आणि मला वाटलं, चला, दुपारपर्यंत झालंच. बेअरिंग हातानं फिरवलं तर खडे भरल्यासारखं वाजत होतं. आता ते शाफ्टवरून उतरवायचं आणि नवं चढवायचं, एवढंच. बेअरिंग ओढून काढायचा पुलर लावला. पुलरची नखं घसरली. साफ केलं, डिझेल सोडलं, चहा प्यायले, तुम्ही सांगायचात तसं. पुन्हा लावला. पुलरचा एक पाय वाकला, बेअरिंग तसूभर हललं नाही. रात्री घरी गेले तर आईने ताटात वांग्याची भाजी वाढली होती आणि मी शाफ्टचाच विचार करत होते. तसा दुसरा शाफ्ट कुठे मिळत नाही, पप्पा. मी फोनवर सगळीकडे विचारलं, पुणे, मुंबई, कोईमतूर. एक माणूस तर हसला. हा वाकला किंवा चिरला, की पुढे झेंडूच.

बुधवारी शाफ्ट उचलून शेजारी लेथवाल्या मामांकडे नेला. मामांचे केस पार पिकलेत, तुमच्या नावाने अजून एक कप चहा जास्त सांगतात आणि स्वतःच पितात. त्यांनी शाफ्ट प्रेसमध्ये उभा केला आणि दांडा मारायला लागले. मी शाफ्टला स्टीलची पट्टी टेकवून बाजूला बसले. दाबाचा काटा चढत गेला. बेअरिंग गप्प. आणि मग पट्टी आणि शाफ्टच्या मधे मला केसाएवढा उजेड दिसला.

"मामा, थांबा."

"आता सुटंल. अजून दोन दांडे."

"थांबा म्हणते ना. वाकतोय तो."

मामांनी दाब सोडला. उजेड गेला, शाफ्ट सरळ झाला. मी पट्टी पुन्हा तीनदा टेकवून बघितली. मामा बाकावर बसले, बिडी काढली, माझ्याकडे बघून परत ठेवली. "लई घट हाय गं. गॅस लाव सरळ. लाल कर, आपोआप उतरतंय."

गॅसचं मी तुमचंच वाक्य त्यांना ऐकवलं. तापवलेला शाफ्ट मऊ पडतो, त्या दिवशी चालतो आणि वर्षानं रस्त्यात तुटतो, आणि तुटेल त्या दिवशी गाडीत कोण बसलेलं असेल ते आपल्याला माहीत नसतं. या वेळी तर माहीत होतं. मामा म्हणाले, "बापावानीच बोलतीस. पन हे बसवलंय बी तुझ्या बापानंच. दुसरं कोन हात लावनार हुतं या गाडीला. काय करून ठेवलंय त्यानं त्येलाच ठावं."

आणि मी म्हणाले, "घाईत बसवलं असेल."

हे मी म्हणाले, पप्पा. तुमच्याबद्दल, घाईत. आणि तेवढ्यावर थांबले नाही. दुपारी टीचरबाईंचा फोन आला तेव्हा त्यांनाही म्हणाले, "जुनं काम जरा जबरदस्तीनं केलेलं दिसतंय." बाई म्हणाल्या, "हो का?" आवाजात हसू होतं असं मला वाटलं, पण बाईंचा आवाज तसाच आहे म्हणून सोडून दिलं. संध्याकाळी प्रार्थनेला बसले तेव्हा मला ते वाक्य टोचायला लागलं. मेलेल्या माणसावर ढकलायला सोपं असतं, तो परत येऊन पट्टी लावून दाखवत नाही.

गुरुवारी ठरवलं, कापायचं. बेअरिंग तसंही फेकायचंच होतं. ग्राइंडरने बाहेरचं कडं कापलं, गोळ्या ताटात पडल्या. मी मोजल्या, नऊ. आता शाफ्टवर फक्त आतली रिंग उरली, अंगठीसारखी घट्ट बसलेली. तिच्यावर आडवी एक रेघ कापायची, इतकी खोल की रिंग कागदाएवढी उरेल, पण शाफ्टला लागता कामा नये. मग छिन्नीचा एक ठोका, रिंग तडकते. हे तुम्ही करताना मी शंभरदा पाहिलंय. मी स्वतः करताना आई दारात डबा घेऊन उभी होती आणि तिला आत यायची हिंमत होईना. दोन क्षण ग्राइंडर लावायचा, थांबायचं, ओल्या फडक्याने पुसायचं, हातोडीच्या दांड्याने रिंगवर टिचकी मारून ऐकायचं. आई बाजारात माठ घेताना वाजवून बघते ना, तसं. टण्ण. परत ग्राइंडर. टण्ण. परत. "आगं, जेव की मधी," आई म्हणाली. "आता नको, हा आवाज विसरेन." पुढच्या वेळी आवाज जरा बसका आला. मी ग्राइंडर खाली ठेवला, छिन्नी धरली आणि तुमची मोठी हातोडी घेतली. एकच ठोका. थप्प. रिंग तडकली आणि बोटाने ओढल्यावर बांगडीसारखी निघून आली.

मामा आवाज ऐकून भिंतीपलीकडून आलेच होते. मी शाफ्टवरची जागा डिझेलने पुसली, आणि मामा वाकून बघत म्हणाले, "आरं तिच्या. ही रांगोळी कुनी काढली?"

शाफ्टवर टिंबं होती. झिजलेल्या शाफ्टवर बेअरिंग सैल बसायला लागलं की पंचाने थोडी टिंबं मारतात, म्हणजे तिथलं लोखंड किंचित वर येतं आणि बेअरिंग धरून ठेवतं. सगळेच मारतात. आठ-दहा, कुठेही, कशीही. तुमची टिंबं मी ओळखते, ती पावसाचे थेंब पडल्यासारखी असतात. ही तशी नव्हती. ह्या तीन ओळी होत्या, शाफ्टभर गोल फिरलेल्या, आणि मधल्या ओळीतलं प्रत्येक टिंब वरच्या दोन टिंबांच्या बरोबर मध्ये. मी मोजली. एकाहत्तर. आणि प्रत्येक टिंबाला एका बाजूला बारीक चोच होती, कपचा उडालेल्या पंचाने येते तशी.

मी उठले, माझ्या डब्यातून तो छोटा पंच आणला आणि एका टिंबात टेकवून पाहिला. तो तिथे असा बसला, जसा स्वतःच्या खुर्चीत माणूस बसतो. आईने विचारलं, "काय झालं? रडतीस का हसतीस?" मी पंच तिच्यापुढे धरला. मामांना मात्र सगळं कळलं होतं. ते बाकावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "तू व्हय. आत्ता आठवलं. तवाच म्हनलं, हे बेअरिंग चढवाय बापानं मला कामून बोलवलं. दोघांनी मिळून घन मारलेत आमी त्येच्यावर, संध्याकाळपत्तर. आन् त्यो मानूस एक शबूद बोलला न्हाई."

आणि मला तो दिवस अख्खा आठवला. मी नऊ वर्षांची आहे. मांडीवर शाफ्ट आहे, तो मला उचलवत नाही. नवं बेअरिंग नगरहून एसटीच्या ड्रायव्हरबरोबर येणार आहे आणि तुम्ही स्टँडवर निघाला आहात. तुम्ही खडूने शाफ्टवर जागा आखता आणि म्हणता, "हितं बारा टिंबं मार. बाराच. मी आलोच." मी बारा मारते. घड्याळाच्या आकड्यांसारखी, सारख्या अंतरावर. मग बघते तर दोन टिंबांच्या मध्ये किती जागा रिकामी आहे. तिथून बेअरिंग निसटलं तर? गाडीत नवरी असेल, पांढऱ्या कपड्यात, आणि चाक निघालं तर? मी मधली जागा भरते. एसटी येत नाही. मी दुसरी ओळ घेते. एसटीला उशीर होतो आहे आणि मी तिसरी ओळ घेते, कारण शेजारच्या काकू दारात ठिपक्यांची रांगोळी काढतात तेव्हा कधी दोन ओळींवर थांबत नाहीत. तुम्ही आलात. शाफ्ट हातात घेतलात, अंगठा फिरवलात. विचारलंत, "किती मारलीस?" मी म्हणाले, "बारा. आणि थोडी." तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मग शाफ्टकडे, आणि मामांना हाक मारलीत. संध्याकाळी घामाघूम होऊन घरी आल्यावर आईला म्हणालात, "पोरीचं काम पक्कं हाय." त्या एका शब्दावर मी एकोणीस वर्षं जगले आहे, पप्पा. परीक्षेला जाताना, पहिलं इंजिन उघडताना, मी तो मनात म्हणायचे. तुम्ही तो कशासाठी वापरला होतात, ते मला गुरुवारी कळलं.

शुक्रवारी मामांनी ती जागा पॉलिशपेपरने घासून साफ केली. टिंबांचे उंचवटे गेले, खड्डे राहिले. आता बाटलीत एक हिरवं औषध मिळतं, चार थेंब लावले की बेअरिंग जागेवर धरून बसतं. सगळं जोडलं, चाक चढवलं, गाडी नदीच्या पुलापर्यंत नेऊन आणली. घुं गेलं होतं. संध्याकाळी टीचरबाईंच्या फाटकात नेऊन उभी केली आणि उतरायच्या आधीच बोलून टाकलं, कारण उतरले असते तर धीर गेला असता. "बाई, मी फोनवर पप्पांना उगाच बोल लावला. ते काम त्यांचं नव्हतं. माझं होतं. मी बाराच्या जागी एकाहत्तर टिंबं मारली होती."

बाई म्हणाल्या, "माहीत आहे मला. आकडा माहीत नव्हता."

बाई पायरीवर बसल्या. "तुझे वडील तेव्हा गाडी सोडायला आले होते ना, तेव्हाच म्हणाले, बाई, पोरीनं लई टिंबं मारल्यात. कानशीनं उडवायला पाच मिनिटं लागली असती, पन इतक्या रांगेत केल्यात, हात धजावला न्हाई. गाडी पळवा बिनघोर. कधी हे काढायची येळ आली तर मात्र तिलाच बोलवा. दुसरा मानूस मला शिव्या देईल." बाई हसल्या. "म्हणून मी पुण्याचा मिस्त्री नको म्हटलं. खरं सांगू, मागून घुं आवाज यायला लागला तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता बोलवायला निमित्त मिळालं."

"मग तुम्ही मला मंगळवारीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू हात लावला असतास का?"

नसता लावला. बाईंनी मला चौथीत शिकवलंय, त्यांना माझं सगळं पाठ आहे.

शनिवारी नात त्याच गाडीतून आली. पाळकसाहेब दारात उभे, गायकवर्ग आतून गात होता, सगळे नवरीकडे बघत होते, आणि मी मागच्या डाव्या चाकाकडे कान लावून उभी. काही ऐकू आलं नाही. इतकं छान काही ऐकू न येणं मी पहिल्यांदाच ऐकलं. पुतण्या जवळ येऊन म्हणाला, "ताई, गाडी गेली हातची. आता बैलगाडीचं चाक बघतो कुठं." मी म्हणाले, "त्याला बेअरिंग नसतं, बरं पडेल."

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही, आणि कुणाला वाचूनही दाखवणार नाही. त्या नऊ गोळ्या आणि तडकलेली रिंग मी तुमच्या जुन्या खोक्यात ठेवली आहे, हेही त्यातच ठेवीन. फक्त एक राहिलं. शुक्रवारी मामांना मी सांगितलं होतं की या वेळी औषध पुरे, टिंबं नकोत. नवं बेअरिंग चढवायच्या आधी ते चहा सांगायला गेले तेव्हा मी छोटा पंच घेतला आणि मारली. मोठ्याने मोजत मारली, बाराच. मग तेरावं मारायला पंच टेकवला, आणि बराच वेळ तसाच धरून बसले. मारलं की पंच तसाच उचलला, ते मी इथेही लिहीत नाही. पुढे कधीतरी जो ते बेअरिंग काढेल त्याला कळेलच, आणि तोपर्यंत माझ्याशिवाय ते कुणाला माहीत नसावं असं मला वाटतं.